अमळनेरची बट्टी, मनालीचा सिड्डू

मुलांना बर्फ बघायचा होता, नवऱ्याला स्की शिकायचं होतं आणि सासूबाईंचा त्यांच्या अहिराणीत एकच प्रश्न होता, "तठे जेवाले काय भेटी?" तेव्हा आम्ही सगळे हसलो. पुढचे आठ दिवस रोजचा कार्यक्रम मात्र त्यांच्याच प्रश्नावर ठरत गेला.

11 जानेवारी, अमळनेर ते जळगाव, पुढे गाडीत

आम्ही पाच जण. मी, नवरा, सहावीतला थोरला, पहिलीतली धाकटी आणि आई, म्हणजे सासूबाई. वय अडुसष्ट, गुडघे नाजूक. खाणं शुद्ध शाकाहारी, अंडं शिजलेल्या तव्यावरची पोळीसुद्धा चालत नाही. बर्फाच्या गावी जाणाऱ्या कुटुंबाला जेवणाच्या जेवढ्या अडचणी येऊ शकतात, तेवढ्या आमच्या घरातच होत्या.

कपड्यांची बॅग मी भरली, दुसरी आईंनी. त्यांच्या बॅगेत दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, ज्वारीचे बिबडे, काळ्या मसाल्याची बाटली, खोबरं-कांदा भाजून केलेलं कोरडं वाटण, भाजीची जाड शेव एक किलो आणि तिळगुळाचा डबा. संक्रांत प्रवासात येणार होती. "मनालीत हॉटेलं आहेत, आई," असं नवरा म्हणाला. "ऱ्हाऊ दे," एवढंच उत्तर मिळालं. कळण्याच्या भाकरी तेवढ्या घेऊ नका म्हटलं, कारण ज्वारी-उडदाची ती भाकरी दुसऱ्या दिवशी चामड्यासारखी होते. ते त्यांनी ऐकलं.

जळगावहून दिल्लीची गाडी. रात्रीचं जेवण बर्थवर, दशमी आणि चटणी. ते काही वेगळं सांगण्यासारखं नाही.

12 जानेवारी, दिल्ली आणि रात्रीची बस

दिल्लीत दुपार काढून रात्रीच्या बसने निघालो. अकराच्या सुमारास बस मुरथळला थांबली. सोनीपत जिल्ह्यातलं हे गाव पराठ्यांसाठीच ओळखलं जातं. महामार्गाच्या कडेला दिव्यांनी लखलखणारे ढाबे, तंदूरमधले पराठे आणि वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. थोरल्याने दोन खाल्ले, एक आलूचा आणि एक प्याजचा. धाकटीने लोणी तेवढं चाटलं. आईंनी अर्धी दशमी लोणच्याशी खाल्ली आणि शाल पांघरून झोपल्या.

पहाटे चारला बिलासपूरच्या पुढची वळणं सुरू झाली. आमच्या मुलांनी आजवर पाहिलेला मोठा घाट म्हणजे चाळीसगावकडून लागणारा कन्नडचा. इथे तसा घाट तासन्‌तास संपत नव्हता. दोन्ही पराठे ज्या क्रमाने गेले होते त्याच्या उलट्या क्रमाने बाहेर आले. लोणी चाटणारीही सुटली नाही. अर्धी दशमी खाल्लेल्या आजी तेवढ्या शांत झोपलेल्या. मुलं बरोबर असतील तर मुरथळचे पराठे परतीच्या वाटेवर खा, एवढाच माझा सल्ला आहे. घाट उतरून झालेला असतो आणि रिकामं पोट त्यांना न्याय देतं.

सकाळी बस आणखी एका ढाब्यावर थांबली. तिथला चहा महाग, डाळ गार आणि संडासाला कडी नाही. बसवाले जिथे थांबवतात तिथेच उतरावं लागतं, म्हणून तक्रार करण्यातही अर्थ नव्हता.

13 जानेवारी, मनाली

मनाली साधारण 2050 मीटर उंचीवर आहे. बसमधून उतरताच आई म्हणाल्या, "माय व, इतली थंडी!" आणि त्यांनी जीपमध्ये बसेपर्यंत तोंडावरचा पदर काढला नाही.

उतरलो होतो बाजारापासून थोड्या दूर असलेल्या एका लाकडी घरात. वर दोन खोल्या आमच्या, खाली घरमालकांचं कुटुंब. त्यांच्या बैठकीत मधोमध पत्र्याची शेगडी होती, जिचं धुराडं छतातून बाहेर गेलेलं. तिला इथे तंदूर म्हणतात. रोट्या लावायच्या तंदूरशी तिचं नातं नावापुरतं. तिच्यात लाकूड जळतं, तिच्यावर पाणी तापतं आणि तिच्याभोवती अख्खं घर बसतं. आई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. घरच्या वहिनींनी, ज्यांना आम्ही सगळे भाभी म्हणायला लागलो, आईंना चहा दिला आणि "माताजी" म्हणून हाक मारली. खाण्याची जागा निवडताना पुढे मी दरवेळी हे घर डोळ्यांसमोर ठेवलं.

संध्याकाळी मॉल रोडवर गेलो. जेवणाची इथे टंचाई नाही. पंजाबी ढाबे, गुजराती थाळी, जैन जेवण, "शुद्ध वैष्णव" अशा पाट्या रांगेने लागतात. पण पाट्यांनी फसू नये. एका ठिकाणी जेवणघर पहिल्या मजल्यावर, जिना ओला आणि कठडा नाही. दुसरीकडे बसायला बिनपाठीची स्टुलं. तिसरीकडे वरचा मेनू शाकाहारी, पण तवा एकच. शेवटी तळमजल्यावरचा, पाठ टेकता येईल अशा खुर्च्यांचा आणि मागितल्याबरोबर गरम पाण्याचा जग आणून ठेवणारा एक साधा ढाबा मिळाला. राजमा-चावल मागवले. मुलांना तिखट नको होतं, आम्हाला हवं होतं. राजमा मुळात सौम्यच असतो, म्हणून आम्ही आमच्या ताटात आईंची चटणी घातली. शेजारच्या टेबलावरचे काका बराच वेळ तिच्याकडे बघत होते. त्यांनाही दिली.

परतताना रस्त्याकडेला एक बाई मोठ्या पातेल्यातून वाफाळते गोळे काढत होती. सिड्डू. गव्हाची कणीक यीस्ट घालून फुगवतात, आत अक्रोड-खसखशीचं नाहीतर उडदाच्या डाळीचं सारण भरतात आणि वाफेवर शिजवतात. मग कापून वर चमचाभर साजूक तूप. आईंनी तुकडा हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "हाई ते आपली बट्टीच शे!"

तसं पाहिलं तर खरंच. आमच्याकडची बट्टी आधी वाफवायची किंवा उकडायची, मग कापून तुपात तळायची आणि वरणात कुस्करायची. फरक यीस्टचा आणि अक्रोडाचा. शिवाय इथे तळणं नाही. आईंनी त्या बाईला खुणांनी विचारलं की तळत का नाही. बाई हसली आणि तिने तुपाचा दुसरा चमचा ओतला. तुपावरून आठवलं, ज्या कारखान्यातून पुढे विप्रो उभी राहिली, तो वनस्पती तुपाचा कारखाना 1945 साली आमच्या अमळनेरात निघाला. आईंच्या सासरी मात्र वनस्पतीचा डबा कधी शिरला नाही, हे त्या आजही अभिमानाने सांगतात. त्या संध्याकाळी त्यांनी दोन सिड्डू खाल्ले. धाकटीने चार.

लोहडीचा दिवस होता. एका हॉटेलसमोर शेकोटी पेटली होती, लोक तिच्यात रेवडी, शेंगदाणे आणि लाह्या टाकत होते. आम्हालाही मूठभर मिळालं. मुलांनी आगीत कमी टाकलं, खिशात जास्त.

14 जानेवारी, संक्रांत

सकाळी भाभींच्या दारात आई तिळगुळाचा डबा घेऊन उभ्या. भाभींना "गोड बोला" कळलं नाही, तीळ कळले. त्यांच्याकडेही हा सण असतो, माघाची साजी म्हणतात. त्या दिवशी खिचडी. उडदाच्या डाळीची, मऊ, आणि त्यात तूप इतकं की चमचा तिरपा केला तर आधी तूप ओघळावं.

ती खिचडी शिजायला लागलेला वेळ पाहून आई अस्वस्थ झाल्या. कुकर आमच्याएवढाच, पण त्यांनी घरी मोजल्या असत्या तेवढ्या शिट्ट्यांनंतरही भाभी झाकण काढेनात. थोरल्याने शाळेतलं विज्ञान बाहेर काढलं. उंचावर हवेचा दाब कमी होतो, पाणी लवकर उकळतं, पण कमी गरम असताना उकळतं. दर 300 मीटरला साधारण एक अंश. म्हणजे मनालीत पाणी 93 अंशांच्या आसपास उकळतं आणि वर सोलंगला, जिथे आम्ही स्कीसाठी जाणार होतो, त्याहून कमी. अशा पाण्यात डाळ-तांदूळ शिजायला वेळ लागणारच. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून निभावतं, उघड्या पातेल्यात राजमा ठेवला तर संध्याकाळ होईल. आईंनी नातवाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग पोरेस्ले सकायलेच जेवाले घाला, वर जाईसन कच्चा भात भेटी." त्याच्या भाषणाचं सार त्यांनी एका वाक्यात काढलं आणि दुसऱ्या दिवसाचा बेतही ठरवून टाकला.

त्याच दिवशी भाभींनी एक गंमत सांगितली. संक्रांतीपासून 42 दिवस गोशाल आणि आसपासच्या गावांत मोठा आवाज करत नाहीत. देव या काळात गावात नसतात अशी श्रद्धा आहे. टीव्ही बंद, गाणी बंद, फोनसुद्धा मुका. मनात आलं, असे 42 दिवस आमच्या लग्नसराईत मिळाले तर!

दुपारी ओल्ड मनालीत गेलो. या भागातल्या कॅफेंबद्दल खूप ऐकलं होतं. जानेवारीत बरेचसे बंद असतात, हे कोणी सांगितलं नव्हतं. जे उघडे होते त्यांपैकी एकात शिरलो तर जमिनीवर गाद्या आणि गुडघ्याएवढी टेबलं. आईंना खाली बसवलं तर उठवायला क्रेन लागली असती. पुढच्या कॅफेत खुर्च्या होत्या. मुलांनी पॅनकेक आणि पास्ता खाल्ला आणि सहलीतलं सगळ्यात चांगलं जेवण म्हणून त्यालाच जाहीर केलं. आम्ही तिघांनी आल्याचा चहा घेतला. बिल पाहून नवरा म्हणाला, एवढ्यात अमळनेरला अख्ख्या गल्लीला शेवभाजी खाऊ घातली असती.

15 जानेवारी, सोलंग

स्कीचा दिवस. सोलंग मनालीपासून 13-14 किलोमीटरवर, उंची 2500 मीटरच्या पुढे. आईंच्या हुकमाप्रमाणे सात वाजता सगळ्यांनी आलूचे पराठे आणि दही खाल्लं. मी लोणी वाढू दिलं नाही, बसमधली रात्र विसरले नव्हते. थर्मासमध्ये गरम पाणी भरून घेतलं. थंडीत तहान कळत नाही, मुलं दिवसभर पाणीच मागत नाहीत आणि संध्याकाळी डोकं दुखतं म्हणतात.

वाटेत बर्फाचे कपडे भाड्याने देणारी दुकानं आहेत, ओळीने नंबर घातलेली. अंगभर एकच झगा, गळ्यापासून घोट्यापर्यंत चेन, पायात गमबूट. आईंनी झगा नाकारला, नऊवारीवरच गमबूट चढवले आणि वर नवऱ्याचं जॅकेट. त्या दिवशी सोलंगमध्ये सर्वांत जास्त फोटो कोणाचे निघाले ते सांगायला नको.

खरं स्की शिकायचं तर मनालीतच 1961 साली सुरू झालेली पर्वतारोहण संस्था आहे, तिचे रीतसर अभ्यासक्रम असतात. आम्ही मात्र उतारावरच्या शिक्षकाकडून तासाभराचा धडा घेतला. स्कीचे बूट कडक प्लास्टिकचे. नडगीपर्यंत आवळलेले, त्यांत घोटा वळतच नाही. त्या बुटांनी चार पावलं चालणं म्हणजे दोन्ही पायांना प्लास्टर असल्यासारखं. हे जेवणाशी का संबंधित आहे ते पुढे येईलच.

शिक्षक पंचविशीचा, स्थानिक पोरगा. त्याने थोरल्याला पहिलाच मंत्र दिला: "पिझ्झा बनाओ." स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची, की पिझ्झ्याच्या तुकड्याचा आकार होतो आणि वेग कमी होतो. दोन्ही स्की समांतर ठेवल्या की "फ्रेंच फ्राइज" आणि मग वेग वाढतो. जगभर मुलांना असंच शिकवतात म्हणे. दूर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या आईंनी तो आकार पाहिला आणि म्हणाल्या, "हाऊ ते वखर शे." बर्फात पाती रुतवत, माती ओढावी तसा बर्फ ओढत थांबायचं, वखरच की तो. थोरला तासाभरात वखर चालवायला शिकला. नवऱ्याचा पिझ्झा काही झाला नाही. तो सगळा वेळ फ्रेंच फ्राइज करत खाली जाई आणि कुठल्यातरी अनोळखी कुटुंबाच्या फोटोत घुसून थांबे.

साडेअकराला धाकटीला भूक लागली. उतारावर मॅगी, उकडलेलं मक्याचं कणीस, ब्रेड-ऑम्लेट, चणे आणि कॉफी मिळते. टपऱ्या ताडपत्रीच्या, बाकं ओली. मॅगी दुप्पट-तिप्पट दराने मिळते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण तो सिलेंडर आणि ते पाणी कोणीतरी पाठीवर वाहून आणलेलं असतं. तक्रार वेगळी आहे. कॉफी आणि सूप पाजल्यावर वीस मिनिटांनी धाकटी म्हणाली, "आई, शू." स्वच्छतागृह उताराच्या पायथ्याशी. तिच्या अंगात तो झगा, चेन गोठलेली. थोरल्याच्या पायात स्कीचे बूट, म्हणून तो बरोबर येऊ शकत नाही, आणि त्याला एकटा ठेवावा तर नवरा कुठल्या फोटोत आहे ते माहीत नाही. मी तिला उचलून गमबुटांतून पळाले. पोहोचलो कशाबशा.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. उतारावर मुलांना फक्त कोरडं द्यावं, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, कणीस. पातळ काही द्यायचं ते खाली उतरल्यावर, झगा काढल्यावर आणि स्वच्छतागृह नजरेच्या टप्प्यात असताना.

एक वाजता बूट परत केले आणि पलचानकडे उतरताना एका छोट्या ढाब्यात शिरलो. आत तोच पत्र्याचा तंदूर, भिंतीवरचा टीव्ही बंद. गाणं नाही, आरडाओरडा नाही, मालकसुद्धा हळू बोलत होता. 42 दिवस सुरू झाले होते. डाळ, भात, बटाटा-फ्लॉवरची भाजी, तव्यावरून थेट ताटात येणारे फुलके. मालकाच्या बायकोने आईंचे ओले मोजे न विचारता काढून तंदूरच्या दांडीवर वाळत घातले. मुलं भिंतीला टेकून ताटावरच पेंगायला लागली. सगळ्या सहलीत मी कोणाला एकच जागा सुचवीन तर ती ही. पण तिला पाटीच नव्हती.

16 जानेवारी, बोगद्यापलीकडे

आभाळ मोकळं होतं, म्हणून फोर-बाय-फोर गाडी करून अटल बोगद्यातून सिस्सूला गेलो. 9.02 किलोमीटरचा हा बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला खुला झाला. एका तोंडाशी कुल्लूचे देवदार, दुसऱ्या तोंडाशी लाहौलचा उघडा पांढरा डोंगर. उंची आता तीन हजार मीटरच्या वर. आईंना धाप लागत होती, म्हणून फार फिरलो नाही.

एका घराच्या पुढच्या खोलीत खाणावळ होती. थुक्पा म्हणजे शेवयांचं गरम सूप, मोमो आणि छरम्याचा चहा. छरमा म्हणजे इथल्या काटेरी झुडपाची नारिंगी, आंबट फळं. त्याचा रंग झेंडूसारखा आणि चव लिंबू-चिंचेच्या मधली. मोमो वाफेवरचे, कोबीचे. चटणी लालभडक, मुलांना नको अशी, आम्हाला हवी अशी. पाच दिवसांत पहिल्यांदा आईंनी स्वतःची चटणीची डबी उघडली नाही. मोमो मात्र त्यांनी एकच खाल्ला आणि म्हणाल्या की याच्यापेक्षा आपले डाळीचे वाफवलेले फुनके बरे, निदान आत डाळ तरी असते. थुक्प्यात मांस नाही ना, हे तीनदा विचारून घेतलं. तिन्ही वेळा घरच्या मुलीने न चिडता सांगितलं, आणि तिसऱ्यांदा तर स्वयंपाकघरात नेऊन पातेलंच दाखवलं.

17 जानेवारी, शेवभाजी

शेवटचा दिवस. सकाळी थोरला पुन्हा तासभर वखर चालवून आला. दुपारी आईंनी जाहीर केलं, आज भाभींना शेवभाजी.

बॅग उघडली तर शेवेच्या पिशवीवर सहा दिवस बुटांची पिशवी दाबून ठेवलेली. एक किलो शेवेचा भुगा. आई दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग कढईत तेल, आलं-लसूण, काळा मसाला, ते भाजलेलं वाटण आणि उकळता रस्सा. तर्री वर आली. भुगा टाकल्याबरोबर रस्सा आटून गोळा. चव जागेवर होती, नावच तेवढं बदललं. "शेवनं पिठलं व्हई गयं," असं आईंनीच म्हटलं. भाभींचे सासरे दोन रोट्यांशी ते खाऊन घामाघूम झाले, टोपी काढून ठेवली आणि तिसरी रोटी मागितली. बाहेर बर्फ पडायला सुरुवात झाली होती.

भाभींनी आईंना अक्रोडाची पिशवी दिली, आईंनी काळ्या मसाल्याची उरलेली बाटली त्यांना.

18 आणि 19 जानेवारी, परत

बस पुन्हा मुरथळला थांबली. यावेळी थोरल्याने तीन पराठे खाल्ले आणि ते आतच राहिले.

अमळनेरला पोहोचलो तेव्हा गल्लीतल्या बायका ओट्यावर जमल्या. बर्फ कसा असतो, असं आईंना विचारलं. "गारा पडतस, तसाच. खिचडी मातर भारी व्हती," असं सांगून त्या आत गेल्या आणि अक्रोड फोडायला घेतले. संध्याकाळी बट्टीत सारण भरायचं होतं.